कॉइल शॉर्ट केली तरी चुंबक झुलतच राहतो? डॅम्पिंगच्या प्रयोगातले नेहमीचे बिघाड आणि ते शोधायचा क्रम

बारावीच्या प्रोजेक्टला आणि बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हा प्रयोग हमखास असतो, आणि तितकाच हमखास तो अडतो. दरवर्षी मुलं तेच चार-पाच प्रश्न घेऊन येतात. मांडणी साधारण अशी असते: दोन दोऱ्यांनी आडवा टांगलेला चुंबक, त्याच्या समोर आडवी ठेवलेली कॉइल, आणि कॉइलच्या टोकांना रेझिस्टन्स बॉक्स (हवा तो रोध निवडायची पेटी). चुंबक स्वतःच्या लांबीच्या दिशेने झुलतो, कॉइलमध्ये आत-बाहेर करतो. चुंबक हलला की कॉइलमध्ये प्रवाह येतो आणि तो चुंबकालाच अडवतो, म्हणून रोध जितका कमी, तितके झोके लवकर विरायला हवेत. या विरण्यालाच डॅम्पिंग म्हणतात. काही कॉलेजांत दोऱ्यांऐवजी अॅल्युमिनियमच्या अर्धवर्तुळाकार चौकटीवर चुंबक बसवलेला संच असतो. खालच्या तपासण्या त्यालाही लागू आहेत.

आधी लक्षणं बघा

तुमचा बिघाड यातल्या कशात बसतो ते ठरवा, म्हणजे सगळं उचकटावं लागणार नाही.

कॉइल उघडी ठेवा नाहीतर तिची टोकं जोडा, झोके तितकाच वेळ टिकतात. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार.

सुरुवातीचे झोके भराभर लहान होतात, आणि मग एकदम जोर संपल्यासारखा होऊन चुंबक छोटे झोके घेत कितीतरी वेळ झुलत राहतो. आयामाचा (मध्यापासून झोका किती लांब जातो त्याचा) लॉग घेऊन काढलेला ग्राफ सरळ येण्याऐवजी वाकतो.

कॉइल उघडी आहे, प्रवाह वाहायला वाटच नाही, तरी चुंबक लवकर थांबतो.

रोध बदलला की डॅम्पिंग बदलतं, पण हिशोब जुळत नाही. १० ओहमऐवजी १०० ओहम घातला तर परिणाम दहापट कमी व्हायला हवा होता, झाला जेमतेम तिप्पट कमी.

चुंबक झोकाच घेत नाही. सोडला की संथ सरकत मधोमध येतो आणि थांबतो. किंवा झुलता झुलता आडवा फिरतो, आठाचा आकडा काढतो, कॉइलला घासतो.

पहिली तपासणी: तीनदा झुलवून बघा

याला एक पैसा लागत नाही, आणि अर्धे बिघाड इथेच उघडे पडतात. दर वेळी चुंबक तेवढाच ओढायचा (समजा ५ सेंटिमीटर) आणि आयाम निम्मा व्हायला किती सेकंद लागले ते मोजायचं. पहिल्यांदा कॉइल टेबलावरून पूर्ण उचलून बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा कॉइल जागेवर, पण तिची दोन्ही टोकं मोकळी. रेझिस्टन्स बॉक्स, मीटर, सीआरओ (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं उपकरण) सगळं काढून. तिसऱ्यांदा कॉइलची टोकं एका जाड तारेने थेट जोडून, म्हणजे कॉइल शॉर्ट करून.

पहिल्या वेळेत फक्त हवा, दोऱ्या आणि स्टँड यांचं घर्षण असतं. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत फरक पडला तर कॉइलच्या आजूबाजूचा एखादा धातू चुंबकाला अडवतोय. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतला फरक हे कॉइलचं खरं डॅम्पिंग. तो फरक दिसत नसेल तर रेझिस्टन्स बॉक्सला हात लावण्यात अर्थ नाही. बिघाड कॉइल, तिची टोकं, चुंबक किंवा चुंबकाची जागा यांतच आहे.

चुंबक ओढून हाताने सोडू नका, बोट निघताना त्याला तिरका धक्का बसतो. प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून तिच्यामागे चुंबक टेकवा आणि पट्टी झटकन वर उचला. लोखंडी पट्टी चालणार नाही. आठाचा आकडा काढणारे निम्मे चुंबक एवढ्यानेच सुधारतात. उरलेल्यांच्या दोन दोऱ्यांची लांबी सारखी नसते.

याच बैठकीत चुंबकाची टोकं उलटी करून तिसरी वेळ पुन्हा घ्या. कॉइलचं डॅम्पिंग उत्तर-दक्षिण ध्रुव ओळखत नाही: ध्रुव उलटा केला की प्रवाहही उलटा होतो आणि बल पुन्हा गतीच्या विरुद्धच येतं. वेळ बदललीच, तर एक तर चुंबक जागेवर नीट बसला नाही किंवा जवळपास दुसरा चुंबक, निदान चुंबकत्व आलेलं लोखंड आहे. स्पीकर, चुंबकी स्क्रू-ड्रायव्हर, टेबलाचा ड्रॉवर हे सगळं बघा.

दुसरी: सर्किट खरंच पूर्ण आहे का

कॉइलची तार इनॅमलची असते. हे लाखेसारखं आवरण नीट खरवडलं नसेल तर तार टर्मिनलमध्ये घट्ट पिळलेली दिसते, पण आत प्रवाह जात नाही. तांबं चकचकीत दिसेपर्यंत दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, सगळ्या बाजूंनी. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून रोध मोजा. ०.३ मिलिमीटर जाडीच्या तारेचे, २ सेंटिमीटर सरासरी त्रिज्येचे १००० फेरे असतील तर तार सुमारे १२५ मीटर होते आणि रोध ३० ओहमच्या जवळपास यायला हवा. मीटरवर नुसताच १ किंवा ओएल आला तर सर्किट तुटलेलं आहे. शेकडो ओहम आले, आणि तार हलवली की आकडा नाचला, तर टोकाचा सांधा सैल आहे.

रेझिस्टन्स बॉक्सही बघा. पितळी प्लग नुसता ठेवून चालत नाही, थोडा पिळून दाबावा लागतो. आणि प्लग काढला की तो रोध सर्किटमध्ये येतो, घातला की जातो. नवीन मुलं इथे उलटं करतात आणि मग रोध वाढवला की डॅम्पिंग वाढतं असं रीडिंग जर्नलमध्ये येतं.

प्रवाह बघावा म्हणून बरेच जण मल्टिमीटर मिलिअॅम्पिअरवर लावून मध्ये जोडून ठेवतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या डीटी-८३० प्रकारच्या मीटरचा २ मिलिअॅम्पिअर रेंजवरचा स्वतःचा रोध १०० ओहमच्या आसपास असतो. ३० ओहमच्या कॉइलला तुम्ही शॉर्ट समजून १०० ओहमची जोडणी करताय. शिवाय असा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, दीड-पावणेदोन सेकंदांच्या झोक्यातला प्रवाह तो दाखवूच शकत नाही. मीटर काढा. व्होल्टेज बघायचं असेल तर सीआरओ किंवा दिल्लीच्या आयुआक या संशोधन संस्थेचं एक्सपआईज हे संगणकाला लावायचं मोजणी-उपकरण जोडा. त्यांचा इनपुट रोध मेगाओहममध्ये असल्याने डॅम्पिंगला धक्का लागत नाही. तयार संचात कमाल व्होल्टेज मोजायला डायोड आणि कपॅसिटर असतात, तेही सोडवून ठेवा. डायोड ठरावीक व्होल्टेजनंतरच वाट देतो, त्यामुळे मोठ्या झोक्याला डॅम्पिंग आणि छोट्याला काहीच नाही असं होतं.

तिसरी: चुंबक विसावतो कुठे

माझ्या मते हा प्रयोग अडायचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं कारण हे आहे. मांडणी सुबक दिसावी म्हणून मुलं शांत टांगलेला चुंबक बरोबर कॉइलच्या मधोमध आणतात. पुस्तकातली आकृतीही तशीच असते. पण कॉइलमध्ये व्होल्टेज येतं ते चुंबक हलल्याने फ्लक्स (कॉइलमधून जाणारं चुंबकाचं एकूण क्षेत्र) किती बदलतो त्यावर, आणि नेमक्या मध्यावर फ्लक्स कमाल असल्यामुळे तिथे चुंबक थोडा इकडे-तिकडे झाला तरी फ्लक्स जवळपास बदलत नाही. म्हणजे चुंबकाचा वेग जिथे सर्वांत जास्त, तिथेच कॉइल त्याला अडवत नाही. मोठ्या झोक्यात चुंबक कॉइलच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा तो अडतो. झोका लहान झाला की तो सगळा वेळ त्या निवांत पट्ट्यातच राहतो. सुरुवातीला भराभर आणि मग झुलतच राहणं, हे लक्षण इथून येतं.

ओळखायची खात्रीची खूण आहे. छोटा झोका द्या आणि कॉइलचं व्होल्टेज सीआरओवर किंवा एक्सपआईजवर बघा. चुंबकाच्या एका पूर्ण झोक्यात व्होल्टेजच्या दोन पूर्ण लाटा आल्या, तर चुंबक मध्यावर बसलाय. एकच लाट आली तर जागा बरोबर आहे.

उपाय फुकट आहे. कॉइल अक्षाच्या दिशेने ५-५ मिलिमीटर सरकवत जा, प्रत्येक जागी टोकं शॉर्ट करून आयाम निम्मा व्हायचा वेळ मोजा, आणि सगळ्यात कमी वेळ येईल तिथे कॉइल पक्की करा. आखूड चुंबक आणि पातळ कॉइल असेल तर गणिताने ही जागा कॉइलच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर येते. कॉइल लांबट असेल तर चुंबकाचा मध्य तिच्या तोंडाशी येतो. लांब पट्टीचुंबक असेल तर त्याचं एक टोक कॉइलच्या पोटात आणि दुसरं बरंच बाहेर अशी स्थिती लागते. झोकाही लहान ठेवा, कॉइलच्या त्रिज्येच्या पाव भागाएवढा. मग लॉगचा ग्राफ सरळ येतो.

मध्यावरची मांडणी चुकीची म्हणून टाकून देऊ नका, प्रोजेक्टसाठी ती जास्त रंजक आहे. तिथे अडवणारं बल वेगाबरोबरच मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गावरही अवलंबून असतं. त्यामुळे लॉगऐवजी १ भागिले आयामाचा वर्ग हा वेळेसमोर मांडला की ग्राफ सरळ येतो, जोवर झोके छोटे आहेत आणि हवेचं घर्षण त्यामानाने किरकोळ आहे. दोन्ही जागांचे ग्राफ शेजारी लावलेला प्रोजेक्ट परीक्षकांना आवर्जून दाखवावा असा होतो.

चौथी: आसपासचा धातू

पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत फरक आला असेल तर इकडे या. कॉइल कशावर गुंडाळली आहे ते आधी बघा. अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या नळीवर असेल तर ती नळी स्वतःच एका फेऱ्याची शॉर्ट कॉइल आहे. टोकं मोकळी ठेवली तरी नळीत भोवरा प्रवाह फिरतच राहतात. हा परिणाम कॉइलच्या प्रयोगापेक्षाही जुना आहे. १८२४ मध्ये पॅरिसचे उपकरणकार गाम्बे यांच्या लक्षात आलं की तांब्याजवळ ठेवलेल्या होकायंत्राच्या सुईची आंदोलनं लवकर थांबतात. फ्रेंच शास्त्रज्ञ अरागो यांनी त्यावर पुढचे प्रयोग केले, पण कारण उलगडलं ते १८३१ मध्ये फॅरडे यांनी प्रवर्तन (बदलत्या फ्लक्समुळे व्होल्टेज येणं) दाखवून दिल्यावर.

कॉइल पीव्हीसीच्या पाइपवर किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर घ्या. धातूची नळी बदलता येत नसेल तर तिला लांबीच्या दिशेने एक पूर्ण चीर हवी, म्हणजे तिच्याभोवतीची प्रवाहाची वाट तुटते. हे काम कॉइल गुंडाळायच्या आधीचं आहे. गुंडाळलेल्या कॉइलखाली करवत घालू नका.

लोखंडाचा त्रास वेगळा. लोखंड चुंबकाला खेचतं, त्यामुळे त्याची विसावायची जागा आणि आवर्तकाल दोन्ही बदलतात. तपासायला कॉइल बाजूला ठेवून दहा झोक्यांचा वेळ घ्या. टांगलेली लांबी ७० सेंटिमीटर असेल तर एक झोका १.६८ सेकंदांचा यायला हवा. (लांबी वरच्या दांड्यापासून चुंबकापर्यंत सरळ खाली मोजायची, तिरक्या दोरीवरून नव्हे.) ठळक फरक आला तर स्टीलचं टेबल, स्टँडचा लोखंडी पाया किंवा कॉइलमधला स्क्रू शोधा. लाकडी टेबल आणि पितळी स्क्रू घेतले की काम होतं.

स्टँड हलतं का तेही याच वेळी बघून घ्या. वरच्या दांड्याला बोट लावा. चुंबकाच्या तालात तो हलताना जाणवला तर तुमची ऊर्जा तिकडे जातेय. सी-क्लॅम्प लावा.

पाचवी: कॉइलचा स्वतःचा रोध

१० आणि १०० ओहमचं कोडं इथे सुटतं. प्रवाह ठरतो तो बाहेरचा रोध अधिक कॉइलचा रोध या बेरजेवर. कॉइल २८ ओहमची असेल तर तुम्ही खरं तर ३८ आणि १२८ ओहमची तुलना करताय, म्हणून फरक दहापट न येता सुमारे ३.४ पट येतो. प्रयोग बरोबर आहे, ग्राफचा अक्ष चुकलाय.

आडव्या अक्षावर १ भागिले (बाहेरचा रोध अधिक कॉइलचा रोध) घ्या. उभ्या अक्षावर डॅम्पिंगचा दर, म्हणजे ०.६९३ ला आयाम निम्मा व्हायला लागलेल्या वेळेने भागून येणारा आकडा. सरळ रेष येते, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो दर कॉइल उघडी असतानाच्या दराशी जुळायला हवा. जुळला नाही तर कॉइलचा रोध चुकीचा धरलाय किंवा एखादा सांधा सैल आहे. कॉइलचा रोध त्याच दिवशी मोजा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात मोजलेला आकडा पावसाळ्यात वापरला तर १० अंशांच्या फरकाला ४ टक्के चूक घरबसल्या येते.

निओडिमियमचा ताकदवान चुंबक असेल तर उलटा प्रश्न येतो: हजार फेऱ्यांची कॉइल शॉर्ट केली की झोकाच होत नाही. हा बिघाड नाही. काही शे ते काही हजार ओहमचे रोध वापरा, आणि आयाम निम्मा व्हायला किमान पाच-सहा झोके लागतील अशा पट्ट्यातच रीडिंग घ्या.

सहावी: मोजायची पद्धत

डोळ्याने पट्टीवर आयाम वाचणं छोट्या झोक्यांना पुरत नाही. मोबाइल दीड-दोन मीटर लांब, चुंबकाच्याच उंचीवर ठेवून सेकंदाला ६० फ्रेमवर व्हिडिओ घ्या, झोक्याच्या प्रतलात एक पट्टी दिसू द्या, आणि ट्रॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बिंदू टिपा. मोबाइल चुंबकाजवळ आणू नका, त्याच्या कॅमेऱ्यात आणि होकायंत्रात चुंबकीय भाग असतात. पहिले दोन-तीन मोठे झोके ग्राफमधून वगळा, कारण त्यात हवेचा विरोध जास्त असतो आणि सोडतानाचा धक्काही असतो.

सातवी: चुंबक कमजोर आहे का

लॅबमधले जुने पट्टीचुंबक कीपरशिवाय (टोकांना लावायच्या लोखंडी तुकड्याशिवाय) ड्रॉवरमध्ये पडून, एकमेकांवर आपटून उतरलेले असतात. मोबाइलच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या फायफॉक्स अॅपमध्ये मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) उघडा, मोबाइल टेबलावर स्थिर ठेवा आणि संशयित चुंबक ३० सेंटिमीटरवरून त्याच्या दिशेने रोखून धरा. चुंबक असताना आणि नसताना येणाऱ्या आकड्यातला फरक बघा, मग नव्या चुंबकाने तेच करा. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला असतो, आणि बऱ्यापैकी पट्टीचुंबक एवढ्या अंतरावर काही मायक्रोटेस्लाच देतो. म्हणून लोखंडी कपाट, पंखा, लिफ्ट यांच्यापासून दूर बसा. अशा मोजमापाला शहराचा उपद्रव किती होतो याचं उदाहरण आपल्या जवळच आहे: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची भूचुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली.

संशयित चुंबकाचा फरक नव्याच्या निम्म्याने आला तर डॅम्पिंग एक चतुर्थांश होणार, कारण ते ताकदीच्या वर्गावर जातं. अशा वेळी चुंबक बदला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टोकं खरवडून, सांधे घट्ट करूनही कॉइलचा रोध अनंत येत असेल तर तार आत तुटली आहे. गणिताने आलेल्या रोधापेक्षा तो बराच कमी येत असेल, आणि प्लॅस्टिकच्या नळीवर असूनही कॉइल उघडी असताना डॅम्पिंग दिसत असेल, तर आतले फेरे एकमेकांना चिकटून शॉर्ट झालेत. हजारातले शंभर फेरे शॉर्ट झाले तर पूर्ण शॉर्टच्या साधारण दहावा हिस्सा डॅम्पिंग कायमचं लागून राहतं. या दोन्ही बिघाडांत कॉइल सोडून पुन्हा हाताने गुंडाळत बसू नका, बारीक तार तुटत राहते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काउंटर लावलेलं यंत्र असतं, तिथे द्या.

सीआरओ किंवा पॉवर सप्लाय बिघडला असेल तर त्याचं झाकण उघडू नका. जुन्या सीआरओच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते आत टिकून राहतात. ते काम तंत्रज्ञाचंच. उतरलेला अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा) चुंबक पुन्हा चुंबकित करायचं कामही निर्मात्याकडे द्या. घरी बॅटरी आणि तार घेऊन प्रयत्न करू नका, तार लाल होते.

मोठे निओडिमियम चुंबक हाताळताना बोटं चिमटतात आणि आपटले तर त्यांचे धारदार तुकडे उडतात. वर्गात कुणाला पेसमेकर असेल तर हा प्रयोग त्यांच्यापासून लांब करा. लहान मुलाने चुंबक गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट दवाखान्यात जा. एकाहून जास्त चुंबक आतड्याच्या दोन बाजूंनी चिकटले तर जिवावर बेततं.

रिवाइंडिंगवाल्याकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: तारेची जाडी, फेऱ्यांची संख्या, नळीचा बाहेरचा व्यास आणि नळी प्लॅस्टिकचीच हवी हे. शेवटचं सांगायचं राहिलं तर हाताशी असलेल्या अॅल्युमिनियमच्या नळीवर तो कॉइल बांधून देतो. कॉइल ताब्यात घेताना दुकानातच मीटर लावून रोध मोजा आणि तो आकडा कॉइलवर चिकटपट्टीने डकवा.